विषय: पुण्याच्या मंडळीला (चर्चला) परदेशातून अर्पण पाठवताना

दुबईहून:
सर्वांना सप्रेम सलाम. यंदाच्या हार्वेस्टसाठी, म्हणजे चर्चच्या सुगीच्या सणासाठी, आपल्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांनी पुण्याच्या मंडळीला एकत्र अर्पण द्यायचं ठरवलंय. काहींचा पासपोर्ट भारतीय, काही ओसीआय, म्हणजे परदेशी पासपोर्ट असलेले मूळचे भारतीय. सगळ्यांची रक्कम इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या खात्यात जमवून एकदाच पाठवली, तर बँकेचा खर्च वाचेल. चालेल का? शिवाय दशांश, म्हणजे देवाला द्यायचा उत्पन्नाचा दहावा भाग, एकूण पगारावर काढायचा की हातात येणाऱ्या?

पुण्याहून:
ताई, एकत्र जमवू नका. परदेशात नोंदलेलं मंडळ कायद्याने विदेशी स्रोत ठरतं. भारतीय पासपोर्टवाल्यांनी स्वतःच्या बचतीतून, स्वतःच्या खात्यातून, नेहमीच्या बँकमार्गाने पाठवलेलं दान विदेशी अंशदान धरलं जात नाही. तेच पैसे मंडळाच्या खात्यातून आले की ते विदेशी अंशदान होतं, आणि ते घेण्यासाठी लागणारी एफसीआरए (विदेशी अंशदान नियमन कायदा) नोंदणी आपल्या मंडळीकडे नाही.

म्हणून भारतीय नागरिकांनी भारतातल्या आपल्या एनआरई किंवा एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या) खात्यातून थेट मंडळीच्या ट्रस्टच्या खात्यात पाठवावं. सोबत पासपोर्टची प्रत आणि दोन ओळींचं पत्र: रक्कम स्वतःच्या बचतीतली आहे आणि कशासाठी आहे. हे पत्र नसेल तर हिशेब तपासणीत खजिनदाराला उत्तर देता येत नाही.

ओसीआय असलेल्यांना आपल्या मंडळीला देता येणार नाही. रविवारी उपासनेला येऊन थैलीत रुपयांत टाकलं तरी स्रोत विदेशीच राहतो. पुण्यातल्या भावाच्या खात्यात पाठवून त्याच्या नावाने अर्पण करणं म्हणजे पळवाट. निस्तरावं लागतं ते पंच कमिटीला, म्हणजे मंडळीच्या कारभारी समितीला. ओसीआयवाल्यांनी एफसीआरए नोंदणी असलेली दुसरी संस्था निवडावी आणि गृहमंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिच्या नोंदणीची मुदत पाहावी. नोंदणी ५ वर्षांची असते. २०२०च्या दुरुस्तीनंतर परदेशी रक्कम प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. कोणी पुण्याच्या शाखेचा खाते क्रमांक दिला तर थांबा. ती संस्था ही रक्कम पुढे आपल्या मंडळीलाही देऊ शकत नाही, तेव्हा जे काम ती स्वतः करते त्यासाठीच द्या.

लंडनहून:
दादांनी कायद्याची बाजू नीट मांडली. दशांशाबद्दल माझं मत असं. जुन्या करारात तो शेताच्या उत्पन्नावर आणि गुराढोरांवर होता, आणि बायबलच्या अनुवाद पुस्तकाच्या १४व्या अध्यायाप्रमाणे दर तिसऱ्या वर्षाचा दशांश लेवी (मंदिरसेवा करणारा वंश), परका, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी गावातच ठेवायचा. नव्या करारातल्या मंडळ्यांना प्रेषित पौल टक्का ठरवून देत नाही. ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, खंतीने किंवा भीडेने नको, असं त्याच्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा ९वा अध्याय (२ करिंथ ९) सांगतो. तरी एकूण पगारावर काढणं मला योग्य वाटतं, कारण आधी देवाचा वाटा, मग बाकीचे खर्च, हा क्रम त्यात टिकतो. कर्जाचा हप्ता थकला असेल तर मात्र कमी द्या आणि मन खाऊ देऊ नका. जवळ जे आहे त्या मानाने दिलेलं मान्य होतं, हे त्याच पत्राच्या ८व्या अध्यायात आहे.

हार्वेस्टची वाट पाहून एकदम मोठी रक्कम देण्यापेक्षा पगाराच्या दिवशी बाजूला काढणं बरं. १ करिंथ १६ मध्ये हेच आहे: आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपापल्या कमाईप्रमाणे बाजूला ठेवा, म्हणजे ऐन वेळी वर्गणी गोळा करावी लागणार नाही.

आणि एक कळकळीची विनंती. सगळी रक्कम 'छतासाठी' किंवा 'नव्या ऑर्गनसाठी' अशी बांधून देऊ नका. नाव कोरलेल्या वस्तूंना दाते मिळतात. पाळकसाहेबांचा पगार, वीजबिल आणि गरीब निधी मात्र कोरडे राहतात. कारभारी या नात्याने देणाऱ्यानेच हे आधी पाहायला हवं. निदान निम्मं अर्पण साधारण निधीला द्या.

दुबईहून:
काका, पटलं. हार्वेस्टला अर्पण आलेल्या वस्तूंच्या लिलावात आम्ही इथून फोनवर बोली लावली तर?

पुण्याहून:
तेही दानच धरलं जाईल, म्हणून फक्त भारतीय पासपोर्टवाल्यांनी लावावी. रक्कम बँकेतूनच यावी. नातेवाइकांकरवी रोख नको. प्रत्येक पावतीवर नाव, रक्कम आणि निधीचं नाव स्वतंत्र येईल. मंडळीचा ट्रस्ट निव्वळ धार्मिक असल्याने दात्यांना दानावरची आयकर सवलत (८०जी) मिळणार नाही, हे सर्वांना आधीच कळवा. जमा रक्कम दोन पंचांनी मोजून सही करायची, ही पद्धत लिलावालाही राहील. यरुशलेमच्या गरिबांचं अर्पण नेताना पौलानेही एकट्याने जबाबदारी घेतली नव्हती. मंडळ्यांनी निवडलेला बंधू सोबत होता.

पत्राचा नमुना उद्या या यादीवर टाकतो.