सरकारी वकील मतदानाने निवडावा की नेमावा? अमेरिकेतल्या डीएच्या निमित्ताने

सीडरपार्ककर:
आम्ही टेक्सासात राहतो, ऑस्टिनच्या उत्तरेला, विल्यमसन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग). २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये माझं इथलं पहिलं मतदान झालं. केंद्रात फोन वापरता येत नाही म्हणून आदल्या रात्री मी आणि बायको स्वयंपाकघरात बसून नावं कागदावर उतरवत होतो. राष्ट्राध्यक्षाचं काय, ते सगळ्यांचं ठरलेलंच असतं, पण खाली खाली जावं तसं जज, शेरीफ, काउंटी अ‍ॅटर्नी, डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी (डीए, म्हणजे स्थानिक मुख्य सरकारी वकील)... आणि टेक्सासात २०२० पासून एका फटक्यात अख्ख्या पक्षाला मत देता येत नाही, प्रत्येक नावापाशी थांबावंच लागतं. बायको म्हणाली, अरे सरकारी वकील काय नगरसेवक आहे का, त्याला कशाला मत द्यायचं?

माझं मत असं की द्यायलाच हवं. कारण आमच्याच काउंटीतलं आहे. १९८६ मध्ये मायकल मॉर्टन नावाच्या माणसाच्या बायकोचा घरात खून झाला. १९८७ ला त्यालाच जन्मठेप झाली. तीन वर्षांच्या मुलाने आजीला सांगितलं होतं की मारणारा दुसराच होता, बाबा घरी नव्हते, आणि त्याची नोंद पोलिसांच्या फाइलीत होती, पण डीए केन अँडरसनने ती बचावाच्या वकिलांपर्यंत पोचूच दिली नाही. घरामागे सापडलेल्या रुमालाची डीएनए तपासणी करा म्हणून २००५ पासून मागणी चालली होती, तिला नंतरचा डीए जॉन ब्रॅडली वर्षानुवर्षं विरोध करत राहिला. २०११ मध्ये तपासणी झाली, रक्त बायकोचंच निघालं पण त्यावरचा डीएनए दुसऱ्याच माणसाचा, आणि मॉर्टन जवळजवळ २५ वर्षांनी बाहेर आला. त्या दुसऱ्या माणसाने १९८८ मध्ये ऑस्टिनमध्ये आणखी एका बाईला मारलं होतं. म्हणजे खरा गुन्हेगार तेव्हाच धरला असता तर ती बाई आज असती हो.

२०१२ च्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या मतदानात, आमच्या काउंटीने ब्रॅडलीला घरी पाठवलं. हे मतदारांनी केलं, कुठल्या समितीने नाही. म्हणून म्हणतो, नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही.

एडिसनचा_अजित:
तुमची कळकळ समजते पण तुमच्याच गोष्टीने तुमचा मुद्दा पडतो. अँडरसन निवडूनच येत होता ना? ब्रॅडलीसुद्धा तपासणीला विरोध करत असताना मतदारांच्याच जोरावर खुर्चीत होता ना? गुन्हेगारांना सोडत नाही हा त्यांचा बोलबाला होता आणि त्यावरच मतं पडत होती. मतदाराला खटल्यांची फाइल दिसत नाही, त्याला दिसतो तो फक्त शिक्षांचा आकडा. आत टाकलेला माणूस निर्दोष होता हे २५ वर्षांनी कळलं तर मधल्या निवडणुका काय कामाच्या?

आमच्या न्यू जर्सीत काउंटी प्रॉसिक्युटर गव्हर्नर नेमतो, राज्याची सिनेट मंजुरी देते, मुदत पाच वर्षं, वरती अ‍ॅटर्नी जनरलचं लक्ष. अलास्का, कनेक्टिकट, डेलावेअर, ऱ्होड आयलंड आणि आम्ही, एवढी पाच राज्यं सोडली तर बाकी ४५ राज्यांत स्थानिक सरकारी वकील निवडून येतो. जगात दुसरीकडे जवळपास कुठेच असं नाही. मिसिसिपीने १८३२ ला सुरू केलं आणि मग एकामागून एक राज्यं त्या वाटेने गेली. आपल्याकडे सर्जन मतदानाने निवडतो का आपण? माणसाला दोन वर्षं आत ठेवायचं की वीस, हे ठरवणाऱ्याला लोकांच्या टाळ्यांची फिकीर असता कामा नये.

काळाकोट:
मी पुणे जिल्ह्यात फौजदारी वकिली करते, आरोपीच्या बाजूने, बावीस वर्षं झाली. अजितदादा, नेमणूक म्हटलं की तुम्हाला वाटतं गुणवत्ता आली, तर आमच्याकडची रीत सांगते. मॅजिस्ट्रेट कोर्टातला एपीपी (सहायक सरकारी वकील) एमपीएससीच्या परीक्षेतून येतो, ते ठीक आहे. सेशन्सला मात्र जिल्हाधिकारी सेशन्स जजशी सल्लामसलत करून यादी करणार आणि सरकार त्यातून नेमणार, अट सात वर्षं वकिलीची. खास सरकारी वकिलाला दहा वर्षं. कागदावर सगळं छान. पण ज्याच्या हाती ससा तो पारधी, नेमणारा कोण आणि काढणारा कोण ते वकिलाला पक्कं ठाऊक असतं.

रोहिणी सालियन आठवतात का? मालेगाव २००८ च्या स्फोटाच्या खटल्यातल्या खास सरकारी वकील. २०१५ मध्ये त्यांनी जाहीर सांगितलं की नमतं घ्या असा निरोप तपास यंत्रणेच्या अधिकाऱ्याकडून आला. यंत्रणेने ते नाकारलं. पण असं बोलायची हिंमत किती जण करतील? आणि खटला मागे घेण्याचं कलम, आधीचं ३२१, आता नव्या संहितेत ३६०, त्याचा वापर पुढाऱ्यांसाठी इतका व्हायला लागला की २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं, आजी-माजी खासदार आमदारांवरचे खटले हायकोर्टाच्या परवानगीशिवाय मागे घ्यायचे नाहीत. मत न देताही राजकारण येतंच. उज्ज्वल निकम २०२४ ला मुंबईतून लोकसभेला उभे राहिले, हरले, पुन्हा सरकारतर्फे खटल्यांत उभे राहिले आणि २०२५ ला राज्यसभेवर नियुक्त झाले. मी त्यांच्या कामाबद्दल काही म्हणत नाही, एवढंच की वकिली आणि पक्ष यांच्यामधली भिंत आपल्याकडेही नाही.

तरीपण मला निवडणूक नको आहे. का ते सांगते. मागच्या महिन्यात एका सेशन केसमध्ये सरकारी वकिलांच्या टेबलावर त्या दिवशीच्या अकरा फाइली होत्या. साक्षीदार खेड्यातनं आलेली म्हातारी, तिला व्हरांड्यात पैरवीच्या हवालदाराने जबाब वाचून दाखवला, वकील तिच्याशी पाच मिनिटं बोलले असतील नसतील. ती पिंजऱ्यात गेली आणि फितूर झाली. माझा अशील सुटला, माझं काम झालं, पण घरी जाताना मला तीच दिसत होती. तो वकील मतदानाने आला असता तर त्या म्हातारीला पाच मिनिटं जास्त मिळाली असती का? मला नाही वाटत. त्याला माणसं हवीत, स्टेनो हवा, पगार हवा.

सीडरपार्ककर:
ताई, तुमची म्हातारी डोक्यातून जाणार नाही.

अजित, सर्जनचं उदाहरण जुळत नाही. सर्जनने हलगर्जी केली तर दावा लावता येतो. इथे डीएवर लावता येत नाही! १९७६ च्या इम्बलर निकालात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की खटला चालवताना केलेल्या कामासाठी सरकारी वकिलावर नुकसानभरपाईचा दावा चालणार नाही. न्यू ऑर्लिन्सचा जॉन थॉम्पसन १८ वर्षं तुरुंगात, त्यातली १४ फाशीच्या कोठडीत, पुरावा दडवलेला निघाला, ज्युरीने १ कोटी ४० लाख डॉलर दिले आणि २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने ते काढून घेतले. आमच्या अँडरसनला शेवटी शिक्षा किती, तर दहा दिवस, आणि सनद गेली. तोवर तो जज झाला होता. मग सामान्य माणसाकडे उरतं काय, तर मत.

आणि मताने चांगलंही घडतं. २००६ ला डॅलसने क्रेग वॉटकिन्सला निवडलं, टेक्सासातला पहिला कृष्णवर्णीय डीए. त्याने २००७ मध्ये जुन्या शिक्षा तपासायला ऑफिसातच वेगळा विभाग काढला आणि कितीतरी निर्दोष लोक सुटले, नंतर बाकी शहरांनी तेच उचललं. आधीच्या डीएच्या चुका खणून काढायला बाहेरून निवडून आलेलाच माणूस लागतो.

टॅम्पावासी:
मतावर एवढा भरवसा ठेवताय म्हणून सांगतो. आमच्या फ्लोरिडातल्या हिल्सबरो काउंटीने अँड्र्यू वॉरेनला सरकारी वकील म्हणून दोनदा निवडून दिलं. ऑगस्ट २०२२ मध्ये गव्हर्नर डीसँटिस यांनी त्याला निलंबित केलं, कारण गर्भपाताचे खटले भरणार नाही असं त्याने लेखी म्हटलं होतं. आमचं मत तिथेच संपलं. वर्षभराने ऑरलँडोच्या मोनिक वॉरेलचंही तेच. ती २०२४ ला पुन्हा निवडून आली, वॉरेन हरला. टेक्सासानेही २०२३ मध्ये कायदा केलाच ना, एखाद्या प्रकारचे गुन्हे सरसकट चालवणार नाही असं ठरवणाऱ्या डीएला काढता येईल म्हणून?

मला स्वतःला वॉरेनची सगळी धोरणं पटत नव्हती. पण त्याला काढायचा हक्क आमचा होता.

खाडीपलीकडची:
मी उलट बाजूने बोलते. माझ्या मैत्रिणीचं सॅन फ्रान्सिस्कोत छोटं दुकान आहे, दोन वर्षांत तीनदा काच फोडली, तिसऱ्यांदा तर तिने तक्रारसुद्धा केली नाही, नुसता प्लायवूड ठोकला. चेसा बूडिन २०१९ ला तिथला डीए म्हणून निवडून आला आणि जून २०२२ मध्ये लोकांनी त्याला मुदतीआधीच परत बोलावलं, साधारण ५५ टक्के मतांनी. ती म्हणाली, पहिल्यांदा कोणीतरी माझं ऐकलं असं वाटलं. तिला नेमणुकीची पद्धत समजावून बघा.

एडिसनचा_अजित:
तुमच्या मैत्रिणीबद्दल वाईट वाटतं, खरंच. पण बघा, एकाला सौम्य म्हणून काढलं, दुसऱ्याला कडक म्हणून, आणि मधल्या काळात पकडलेल्या पोराचं नशीब कॅलेंडरवर ठरणार का? शंभरातले नव्वदहून जास्त खटले प्ली बार्गेनमध्ये (गुन्हा कबूल करून कमी शिक्षा घेण्याच्या तडजोडीत) मिटतात, म्हणजे जज आणि ज्युरीपर्यंत जातच नाहीत, डीएच्या माणसाने जी ऑफर टेबलावर ठेवली ती घ्या नाहीतर दसपट शिक्षेची जोखीम घ्या. एवढी ताकद एका माणसाकडे आणि बऱ्याच काउंट्यांत त्याच्यासमोर दुसरा उमेदवारसुद्धा नसतो. बॅलटवर एकच नाव. ही कसली निवडणूक?

एक मात्र कबूल करतो. जॉर्जियात अहमद आर्बरीचा खून झाला फेब्रुवारी २०२० मध्ये, व्हिडिओ असून दोन महिन्यांहून जास्त कोणाला अटक नाही, आणि त्यातला एक आरोपी तिथल्या डीएच्याच ऑफिसात आधी कामाला होता. त्या डीएला लोकांनी नोव्हेंबरमध्ये हरवलं. नेमलेली असती तर कदाचित बदली होऊन दुसरीकडे गेली असती. हे माझ्या बाजूचं दुबळं टोक आहे.

काळाकोट:
सीडरपार्ककर, समजा पुढच्या वेळी उमेदवार तुमच्यासमोर उभा आहे आणि एकच प्रश्न विचारायला मिळाला, तर काय विचाराल? माझा सांगते: एका वकिलाकडे एका वेळी किती केसेस देणार?

सीडरपार्ककर:
माझा असा: जुन्या केसमध्ये आरोपीने डीएनए तपासणी मागितली तर तुम्ही विरोध करणार का, आणि फाइल पूर्ण उघडी ठेवणार का? मॉर्टनच्या नावाने २०१३ मध्ये कायदा झालाय, फाइल द्यावीच लागते, पण मनापासून देणारा आणि कुरकुरत देणारा यात फरक पडतो.

आमच्या डीएची पुढची प्रायमरी मार्च २०२८ ला. खरी लढत तिथेच होते आणि आपली मंडळी तिथे जातच नाहीत, नोव्हेंबरलाच जातात. मी आमच्या मंडळाच्या ग्रुपवर टाकणार आहे की उमेदवारांची सभा असेल तेव्हा दहा जण तरी जाऊ. तुमचा प्रश्नही विचारीन, ताई.

टॅम्पावासी:
तारीख ठरली की इथेच टाका. माझी बहीण तुमच्या जवळच लिअँडरला राहते, तिला पाठवतो.