गेलेल्या माणसावरची कविता: कशी लिहावी, कशी वाचावी?

तलावपाळी: गडकरी रंगायतनवरून जाताना गोविंदाग्रजांची (म्हणजे राम गणेश गडकरींची) 'राजहंस माझा निजला' आठवली, म्हणून धागा. त्यात आई बोलते, बाळ नुसतं झोपलंय असं सगळ्यांना बजावते. शोककवितेत आधी हेच ठरवावं: कोण बोलतंय, कोणाशी? 'तू' म्हटलं की माणूस समोर बसतो, 'ती' म्हटलं की फोटोत जातो. दोन्ही चालतं, पण मध्येच बदललं तर वाचणारा गोंधळतो. तुमच्या पद्धती लिहा.

घणसोलीकर: मोठा अभंग घ्या. ६-६-६-४ अक्षरं, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला.
गेलीस निघून / उंबरा तो सुना / पाऊल वाजेना / अंगणात
शेवटी चारच अक्षरं, तिथे श्वास तुटतो. दुःखाला तेच हवं. ज्ञानेश्वरांच्या समाधीचं वर्णन नामदेवांनी अभंगातच केलंय. जोडाक्षर एकच मोजा, अनुस्वार मोजू नका.

ऐरोलीची_सुगरण: आणि ह्रस्व-दीर्घ? कुकर लावलाय, पटकन सांगा.

घणसोलीकर: अभंगात दोन्ही एकच, ताई. मात्रावृत्तात, म्हणजे अक्षरांऐवजी मात्रा मोजतात तिथे, ह्रस्व १, दीर्घ २. पुढच्या जोडाक्षराचा आघात आला तर ह्रस्वाच्याही २.

शाईपेन: अष्टाक्षरीत आठ जमली की लोक खूश. चौथ्या अक्षराला शब्द संपतो का ते बघतच नाहीत. 'तुझ्या डब्याची पिशवी' आठच आहेत, पण यती (ओळीतला थांबा) 'डब्या'वर पडते नि 'ची' लोंबकळतं. 'तुझी लाल ती पिशवी / खुंटीलाच लटकते' बरोबर. आणि पिशवीच ठेवा हो! 'अश्रूंचा पूर', 'काळजाचे तुकडे' कोणाच्याही माणसाला लागू पडतात.

वाशी_लोकल: +१. घाईही नको. इंदिरा संतांचे पती १९४६ला गेले, त्यांचा 'शेला' हा कवितासंग्रह आला १९५१ला. तेराव्याला वाचायची तर चार ओळी पुरे. कोपरखैरणे आलं, उतरते.

सभाधीट: शोकसभेत मोबाईलवरून वाचू नका. स्क्रीन बंद होते, डोळे भरले की ओळ सापडत नाही. कागदावर मोठ्या अक्षरात, ओळींत जागा सोडून छापा. आवाज बहुतेकदा नावावर फुटतो, म्हणून नावाआधी तिरकी रेघ मारा, तिथे श्वास घ्या. दुसरी प्रत शेजारच्याकडे. अडलं तर तो पुढे वाचेल.

ऐरोलीची_सुगरण: सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला लेकीला वाचायचंय. लहान आहे, देऊ का?

तलावपाळी: द्या, पण तिच्याच शब्दांत. मोठ्यांनी यमकासाठी शब्द घुसवले की मूल तिथेच अडखळतं. आजी हाक कशी मारायची, खायला काय द्यायची, एवढंच विचारा.

पुस्तकवेडी: जुन्या विलापिका (शोककविता) कुठे मिळतील?

शाईपेन: ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात विचारा, १८९३ पासूनचं आहे. रेव्हरंड टिळकांची 'बापाचे अश्रू' आधी वाचा.

ऐरोलीची_सुगरण: लेक म्हणते, आजी गूळपोळी द्यायची. किती अक्षरं झाली?

घणसोलीकर: चार. शेवटच्या चरणात बसेल. वरच्या दोन चरणांचं यमक तिचं तिलाच जुळवू दे.