ठाणे स्टेशनात यंत्रातून गरम वडापाव विकावा का?

नौपाडाकर: आम्स्टरडॅममध्ये फेबो या फास्टफूड साखळीच्या दुकानांत भिंतीतल्या खणांतून गरम क्रोकेट (तळलेले रोल) विकतात. जपानात एकाच यंत्रात थंड चहा आणि गरम कॉफीचे डबे मिळतात. चीनमधल्या नानजिंगच्या मेट्रोत 2010 साली जिवंत खेकड्यांचं यंत्र बसलं, खेकडे थंडीने सुस्त ठेवलेले. आपण मात्र वेफर्स-बिस्किटांवरच अडलोय. शेवटच्या लोकलने ठाण्याला उतरणाऱ्याला गरम वडापाव मिळायलाच हवा.

सानपाडा_सर्व्हिस: फेबोच्या भिंतीमागे स्वयंपाकघर असतं. माणूस तळतो, खण भरतो. यंत्र फक्त पैसे घेऊन दार उघडतं. जपानी कॉफी टिकते ती सीलबंद, निर्जंतुक असते म्हणून. वडापाव बंद खणात 60 अंशांवर ठेवलात तर वड्याची वाफ पावात शिरून तो लिबलिबीत होतो. तापमान उतरवलं की बटाट्यात जंतू वाढतात.

आधी आहेत ती यंत्रं नीट भरा. माल पुढे ढकलणाऱ्या स्प्रिंगच्या दोन वेढ्यांतलं अंतर पाकिटाच्या जाडीपेक्षा किंचित जास्त हवं. कमी पडलं तर पाकीट दबून अडकतं, फार झालं तर तिरकं होऊन काचेला टेकतं. वेफर्सच्या फुगीर पाकिटांचं नेमकं हेच होतं. खाली इन्फ्रारेड सेन्सर असला तर माल पडला नाही हे कळतं, मोटर आणखी थोडी फिरते, तरीही नाही पडला तर यूपीआयचे पैसे परत पाठवता येतात. सेन्सर नसेल तर मोटर फिरली म्हणजे विक्री झाली, असंच यंत्र धरतं. गिऱ्हाइकाचा विश्वास तिथेच उडतो.

घणसोली_गाळा: स्प्रिंग हवीच कशाला? जर्मनीत शेतकरी अंडी, बटाटे खणांच्या यंत्रातून विकतात. माल पडतच नाही. तुर्भ्याच्या एपीएमसीतली भाजी ऐरोलीच्या सोसायट्यांत अशीच लावा.

सानपाडा_सर्व्हिस: अंडी पटतात, पालेभाजी नाही. 40 खण म्हणजे एका भरणीत 40च विक्र्या. मेथीच्या जुडीवर वीज आणि भाडं सुटणार नाही.

नौपाडाकर: वाफेचा मुद्दा मान्य, पण उपाय आहे. फ्रान्समधली पिझ्झा यंत्रं पिझ्झा थंड ठेवतात आणि मागणी आल्यावर भट्टीत काही मिनिटांत भाजतात. तळलेला वडा 4 अंशांवर, पाव वेगळ्या कोरड्या कप्प्यात, चटणी फक्त सुकी लसणाची.

सानपाडा_सर्व्हिस: हे जमेल. मात्र वीज जाऊन आतलं तापमान ठरल्या वेळेपेक्षा जास्त काळ 5 अंशांच्या वर राहिलं, तर विक्री आपोआप बंद पडायला हवी आणि माणसाने माल काढून टाकल्याशिवाय ती परत सुरू होता कामा नये. कंत्राटात हे कलम नसेल तर माझा विरोध कायम.