क्युबेस १२ वर थांबावं, की दर आवृत्तीला पैसे मोजावेत?

गिरणाकाठ
छोट्या स्टुडिओनं दर अपग्रेडमागे धावू नये, हे माझं मत. क्युबेस म्हणजे गाणी रेकॉर्ड आणि मिक्स करायचं सॉफ्टवेअर. त्याची १२वी आवृत्ती मार्च २०२२ मध्ये आली, १३वी नोव्हेंबर २०२३ मध्ये, १४वी नोव्हेंबर २०२४ मध्ये. आपल्या खान्देशात काम काय असतं? कानबाईची गाणी, आखाजीची गाणी, हळद, डीजेवर वाजणारं अहिराणी. एक गायक किंवा चार बायांचा कोरस, ढोलकी, संबळ, पेटी, बेंजो, बाकीचं कीबोर्डातून. वीस-पंचवीस ट्रॅक. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटला एक मोनो ट्रॅक मिनिटाला साडेआठ एमबीच्या आसपास जागा खातो. एवढं १२ निवांत पेलतं.

‘नव्या आवृत्तीत आवाज खुलतो’ म्हणणाऱ्यांनी एक परीक्षा करावी. तोच प्रोजेक्ट दोन्ही आवृत्त्यांतून वेव्ह फाइल करून काढा, दोन्ही फाइली नव्या प्रोजेक्टात एकाखाली एक अगदी सुरुवातीला लावा आणि एकीचा फेज उलटा करा, म्हणजे लहर वरची खाली. मिक्स सारखे असतील तर चिडीचूप शांतता मिळेल. कोरस, फ्लँजर असे दर वेळी थोडे वेगळे फिरणारे इफेक्ट आधी बंद ठेवा, डिदरही (मुद्दाम मिसळलेली बारीक खरखर) काढा. नाहीतर खुसखुस ऐकू येईल आणि तिलाच लोक ‘खुललेला आवाज’ म्हणतील.

पावरी
परीक्षा बरोबर आहे भाऊ, पण आवाजासाठी अपग्रेड घेतं कोण? घेतात ते वेळेसाठी. १४ मध्ये मिक्सरमधले चॅनल ओढून पुढेमागे करता येतात, क्लिपवरच आवाजाचा चढउतार नीट आखता येतो. कोरसात एक बाई माइकजवळ, तिघी मागे. शब्दाशब्दाला दोन-तीन डेसिबल वरखाली करावंच लागतं. ते कॉम्प्रेसरच्या (मोठा आवाज दाबणाऱ्या इफेक्टच्या) आधी झालं की कॉम्प्रेसर कमी दाबतो आणि श्वास, पंख्याची घरघर वर येत नाही. गाण्यामागे वीस मिनिटं वाचली आणि महिन्याला दहा गाणी धरली, तर तीन तासांच्या वर जातं. आपापल्या तासाचा दर लावून बघा.

ढोलकी_अमळनेर
तीन तास वाचले की गिऱ्हाईक तीन तास जास्त बसतं भो. पैसे तेवढेच.

गिरणाकाठ
क्लिपचा आवाज वरखाली करणं १२ मध्येही होतं. शब्द कापा, वरचा हँडल ओढा, कापलेल्या जागी ५ ते १० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक उतरत, दुसरा चढत) द्या. नव्यात सोपं झालंय, कबूल. पण त्या पैशात खोली सुधारते. १० बाय १२ च्या खोलीत १० फुटांच्या भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झला आणि त्याच्या दुपटीला, ११२ ला, आवाज घुमतो. ढोलकीची धुम नेमकी त्या घुमण्यात सापडते. ते कोणत्याही आवृत्तीच्या ईक्यूनं (आवाजाच्या पट्ट्या कमीजास्त करून) सुटत नाही, कारण खोलीत एका जागी फुगवटा असतो तर दोन फुटांवर खड्डा. कोपऱ्यांत १०० मिलिमीटर रॉकवूल उभं करा. गायकाच्या मागे कापसाची जाड गोधडी टांगा, भिंतीपासून चार इंच सोडून. गोधडी वरच्या पट्टीतला आवाज शोषते, खालची घुमघुम नाही. म्हणून रॉकवूल वेगळं लागतंच.

केळीबाग
गोधडी विरुद्ध सॉफ्टवेअर हा वाद मला पटत नाही. खरी अडचण सुरांची आहे, तिथं दोन्ही बाजू चुकतात.

पेटी ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुरावर लावलेली असेलच असं नाही. ४४३ वर लावलेली पेटी जवळजवळ १२ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढी असते. तिच्यावर गायलेलं गाणं व्हेरिऑडिओत, म्हणजे क्युबेसच्या सूर दुरुस्तीच्या साधनात, नेऊन ‘क्वांटाइझ पिच’ पूर्ण केलं की गळा ४४० च्या घरात जाऊन बसतो आणि पेटीपुढे उतरलेला वाटतो. मग दोष गायकाला. आधी पेटीचा एक सूर लांब धरून ट्यूनरवर मोजा. दुरुस्ती झाल्यावर गाण्याची क्लिप निवडून इन्फो लाइनमधल्या फाइन-ट्यूनमध्ये +१२ टाका, कीबोर्डाचे आवाजही तेवढेच चढवा. दुसरी चूक ‘स्ट्रेटन पिच’ची. ओवीत सूर घसरत येतो, तो सरळ केला की बाई यंत्रासारखी गाते. ठहरावाच्या सुरांनाच हात लावा, तोही २०-३० टक्क्यांच्या आत. घसरणारा भाग कात्रीनं वेगळा करून मोकळा सोडा.

यातलं सगळं १२ मध्ये आहे. जुन्या गाण्यातून गळा वेगळा काढायचा असेल तर १२ सोबतच्या स्पेक्ट्रालेयर्स वनमध्ये ती सोय आहे, शिवाय अल्टिमेट व्होकल रिमूव्हर फुकट मिळतं. म्हणून अपग्रेडला माझा नकार. पण गोधडीनं सूर लागत नाही, हेही लिहून ठेवा.

भुसावळ_लोकल
उन्हाचं कोणीच बोलत नाही! मे महिन्यात पारा ४४-४५ वर, टेक चालू असताना एसी बंद. लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो आणि टकटक सुरू होते. लोक समजतात सॉफ्टवेअर जुनं झालं. रेकॉर्डिंगला बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) १२८ ठेवा, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला एका बाजूचा उशीर २.७ मिलिसेकंद. मिक्सला १०२४ करा, उशीर २१ पर्यंत जातो पण तेव्हा गाणारं कोणी नसतं. जड इन्स्ट्रुमेंट फ्रीज करा, म्हणजे तात्पुरती ऑडिओ करून ठेवा. वीज जाते म्हणून ऑटोसेव्ह ५ मिनिटांवर आणा आणि माइक जोडायचा इंटरफेस, लॅपटॉप दोन्ही यूपीएसवर घ्या. नवी आवृत्ती घेतली तरी यातलं एकही काम टळत नाही.

पावरी
सगळे १२ ला धरून बसलात, पण जमीन खालून सरकते त्याचं काय? क्युबेस ९ पासून ३२ बिट प्लगइन (जोडून वापरायचे इफेक्ट, वाद्यं) गेले. ॲपलच्या नव्या चिपवर मूळ स्वरूपात चालवलं तर जुन्या व्हीएसटी२ धाटणीचे प्लगइन दिसत नाहीत, फक्त व्हीएसटी३. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन बदललं की हे सगळं एकदम अंगावर येतं. ॲपलच्या लॉजिक सॉफ्टवेअरवाल्यांना अपग्रेड फुकट म्हणतात, पण लॉजिक ११ आलं तेव्हाच त्याला मॅकओएस १३.५ लागत होतं आणि त्यातला स्टेम स्प्लिटर (गाण्यातून गळा, वाद्यं वेगळी काढणारा) ॲपल चिपशिवाय चालत नाही. मशीनची किंमत कुठं धरली?

ढोलकी_अमळनेर
मग क्युबेसच कशाला? रीपर या तशाच सॉफ्टवेअरचा परवाना ६० डॉलर, वर्षाची कमाई २० हजार डॉलरच्या आत असेल तर. खान्देशात त्यावर कोण जातंय! त्यात पुढची मोठी आवृत्तीही येते. ७ ला घेतला तर ८ संपेपर्यंत चालतो. एफएल स्टुडिओत पुढचे अपडेट आयुष्यभर फुकट, फक्त त्यातला फ्रुटी हा प्रकार घेऊ नका, त्यात ऑडिओ रेकॉर्ड होत नाही, प्रोड्यूसर घ्या. पैसा काय झाडले लागतस का?

पावरी
रीपरला शिव्या नाहीत. पण पुण्या-मुंबईहून प्रोजेक्ट क्युबेसमध्ये आला तर उघडणार कशात? आणि हात बसलेलं सॉफ्टवेअर सोडताना महिना जातो, तोही लग्नसराईत. प्लगइन विकणाऱ्या वेव्हज कंपनीनं मार्च २०२३ मध्ये फक्त सबस्क्रिप्शनवर जायचं जाहीर केलं आणि ओरड झाल्यावर काही दिवसांत मागे घेतलं. विकत घेतलेला परवाना हातात असणं ही साधी गोष्ट नाही. म्हणून दर वर्षी नको म्हणता तर नको, पण दोन आवृत्त्या सोडून तिसरी, तीही सवलतीत, घ्यावी.

केळीबाग
घेणाऱ्यानं वेळ तरी साधावी. नव्या आवृत्तीच्या आधीचे काही आठवडे सवलतीची मुदत असते, त्या काळात पहिल्यांदा सक्रिय केलेल्या परवान्याला पुढची आवृत्ती फुकट मिळते. बिलावर १८ टक्के जीएसटी आणि कार्डाचं परकीय चलनाचं शुल्क धरूनच हिशेब करा. जुनी आवृत्ती काढू नका, दोन्ही शेजारी राहतात. चालू कामं जुन्यातच पूर्ण करा आणि प्रत्येक जुन्या प्रोजेक्टचे ट्रॅक एकाच बिंदूपासून, इफेक्टशिवाय आणि इफेक्टसह, वेव्हमध्ये काढून ठेवा.

गिरणाकाठ
वेव्ह काढून ठेवण्यावर एकमत. बाकी पावरी, तुमच्या ‘तिसरी आवृत्ती’वर एक प्रश्न: तिसरीत जे पाहिजे होतं ते नसेल तर चौथीची वाट बघणार का?

पावरी
बघणार. पण तोवर तुमची गोधडी दोनदा उसवलेली असेल भाऊ.