बाबांच्या गाडीची इन्फोटेनमेंट सिस्टीम घरीच अपडेट करावी का?

कृष्णाकाठ
आम्ही कराडला असतो. बाबांची गाडी 2021 ची. नवा फोन घेतल्यापासून अँड्रॉइड ऑटो (फोनचे नकाशे, गाणी गाडीच्या स्क्रीनवर दाखवणारी सोय) मधेच तुटतं, केबल बदलूनही फरक नाही. कंपनीच्या साइटवर आमच्या मॉडेलचं अपडेट आलंय. ते 64 जीबीच्या पेन ड्राइव्हवर घेतलं, पण गाडीत लावलं की 'अपडेट फाइल सापडली नाही' असं येतं. तेवढ्यासाठी साताऱ्याला सर्व्हिस सेंटरला जायची बाबांची तयारी नाही. आणि मधेच काही झालं तर स्क्रीन कायमची जाईल, ही धास्ती आहेच. कुणी घरी केलंय का?

सरळमार्गी
गाडी चालतेय ना? मग कशाला हात लावायचा? फोनचंच काहीतरी असेल.

वायरिंगवाला
ताई, मी कोल्हापुरात कार ऑडिओचंच काम करतो. बाबांची काळजी रास्त आहे, पण अपडेट बिघडतं ते बहुतेक वेळा पेन ड्राइव्ह नाहीतर बॅटरीमुळे. ही दोन्ही आपल्या हातात आहेत.

पेन ड्राइव्हवर फाइली साठवायच्या वेगवेगळ्या पद्धती, म्हणजे फॉरमॅट असतात. 64 जीबीचा बहुधा एक्सफॅटमध्ये येतो आणि बऱ्याच गाड्यांना फॅट32 च वाचता येतं. विंडोजच्या नेहमीच्या खिडकीत 32 जीबीच्या वर फॅट32 चा पर्यायच दिसत नाही. म्हणून चांगल्या कंपनीचा 32 जीबीचा घ्या, फॅट32 मध्ये फॉरमॅट मारा. रस्त्यावरचा स्वस्तातला नको, लिहिलेली जागा त्यात खरोखर असेलच असं नाही.

बॅटरीचं नीट ऐका. नुसतं इग्निशन चालू ठेवून अर्धा-पाऊण तास स्क्रीन चालली, तर जुनी बॅटरी बसू शकते. इंजिन चालू असलं की व्होल्टेज साधारण साडेतेरा ते साडेचौदा मिळतं, त्यामुळे सूचनापत्रात सहसा इंजिन चालू ठेवायलाच सांगतात. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होत असेल, तर ती सोय बटण दाबून आधी बंद करा. आणि गाडी उघड्यावरच उभी करा. बंद गॅरेजमध्ये किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून बसू नका, कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. हे मी प्रत्येकाला सांगतो.

स्क्रीन मधे काळी होईल, स्वतःच पुन्हा सुरू होईल. घाबरून पेन ड्राइव्ह उपसू नका. तोवर रिव्हर्स कॅमेराही चालत नाही, तेव्हा गाडी हलवायची नाही.

सरळमार्गी, फोन दरवर्षी बदलतो, गाडीतलं सॉफ्टवेअर मात्र आहे तिथेच राहतं. शिवाय बाहेरून आलेल्या साध्या फाइलनेही सिस्टीम अडकू शकते. जानेवारी 2022 मध्ये अमेरिकेत सिएटलला 94.9 एफएमने पाठवलेल्या चित्रांच्या फाइलला एक्स्टेन्शन (नावाच्या शेवटचं .jpg सारखं शेपूट) नव्हतं, तर 2014 ते 2017 च्या काही माझदा गाड्यांचे रेडिओ त्याच स्टेशनवर अडकून बसले होते.

कृष्णाकाठ
धन्यवाद दादा. झिप उघडल्यावर एक फोल्डर दिसतो, त्यात पुन्हा फोल्डर आणि फाइली. बाहेरच्या फोल्डरसकट टाकायचं का?

वायरिंगवाला
सहसा नाही. आतलं सगळं थेट पेन ड्राइव्हवर यायला हवं, पण सूचनापत्रातल्या चित्राशी ताडून बघा. फाइल न सापडण्याचं हेही कारण असू शकतं. सुरू करण्याआधी स्क्रीनवरच्या सध्याच्या व्हर्जनचा फोटो काढून ठेवा. अपडेट झालं की फोनमधून गाडीचं जुनं कनेक्शन काढा आणि नव्याने जोडा. तरीही तुटत असेल, तर गाडीतला यूएसबी सॉकेट तपासून घ्या.