जकात भीतीपोटी देतात म्हणे!

उदगीरकर:
"मुसलमान इथं अल्पसंख्य, म्हणून घाबरून आपापसात जकात वाटतात, विमाच तो," अशी पोस्ट काल वाचली. डोकंच फिरलं. अहो, जकात म्हणजे ऐपत असलेल्या मुसलमानावर धर्मानं बंधनकारक केलेलं दान. साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकी शिल्लक वर्षभर टिकली की अडीच टक्के काढायचेच. गावात मुसलमानाचं एकच घर असलं तरी. पाकिस्तानात १९८० पासून सरकार बँकेतून जकात कापतं, तर रमजानच्या तोंडावर लोक खात्यातून पैसे काढून घेतात! इथं कापणारं कुणी नाही, तरी आमची अम्मी दरसाल बांगड्या सराफाच्या काट्यावर ठेवून हिशेब मांडते. कुणाला घाबरून?

गोदाकाठ:
बरं. पण जाते कुणाला? आपल्याच माणसाला ना?

उदगीरकर:
जकात बहुतेक मौलवींच्या मते मुसलमान गरिबालाच. सदका, म्हणजे आपखुशीचं दान, कुणालाही चालतो. जरा वाचून बोलत जा.

लातूरची लेक:
२०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं तेव्हा आमच्या गल्लीत मशिदीच्या बोअरवर हंड्यांची रांग असायची. आडनाव कुणी विचारलं नाही. तरी भीती अजिबातच नाही, असंही म्हणू नका दादा. पोरीच्या फीसाठी दुसरं कुणी दारात उभं करत नाही, म्हणूनही आपलं माणूस आधी बघितलं जातं.

काळीमाती:
अडीच टक्के सोडा हो. खिदमतमाश जमिनी कुणी गिळल्या ते बोला! मशीद-दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेल्या, विकता न येणाऱ्या. आमच्या बीडकडं त्यावर प्लॉटिंग झालंय. अशा जमिनी सांभाळणाऱ्या वक्फ बोर्डाचं मुख्य कार्यालय कुठं, तर छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत, जिथं फकिरांसाठी दळण निघायचं. आता कागद दळतात.

गोदाकाठ:
देवस्थान इनामाचं काय वेगळं आहे? आमच्या देवळाची बारा एकर अशीच गेली. सातबारा काढायला गेलो तर म्हणाले, साहेब मीटिंगला गेलेत.

काळीमाती:
तुमच्यात पुजारी, आमच्यात मुतवल्ली, म्हणजे वक्फचा कारभारी. माझ्या चुलत्यानं तक्रार केली तर जमातीनं त्यालाच वाळीत टाकायची भाषा केली.

उदगीरकर:
विषय जकातीचा आहे!! जमिनीचं रडगाणं दुसरीकडं गा.

काळीमाती:
का? त्या जमिनीचं उत्पन्न गरिबाला मिळालं असतं तर तुमच्या अम्मीला एवढा भार पडला असता का?

गोदाकाठ:
हे मात्र बरोबर बोलला. घ्या उदगीरकर, भीतीचा मुद्दा तुम्ही जिंकलात, पेढे वाटा. फक्त सदक्यातून वाटा, म्हणजे मलाही मिळतील. आणि काळीमाती, ते प्लॉटिंग नेमकं कोणत्या गटात?