खुनी घरातलाच निघाला की पोलीस सुटतात का?

सुलक्षणा_वाचते:
काल एक अमेरिकी रहस्यकादंबरी संपवली (नाव देत नाही, शेवट फुटेल). गावातल्या कृष्णवर्णीय मुली एकेक करून नाहीशा होतात, पोलीस ‘पळून गेली असेल’ म्हणून हात झटकतात आणि शेवटी पाप निघतं एका मुलीच्या आजीच्या घरात. पकड जबरदस्त, पण पुस्तक मिटल्यावर चिडचिड झाली. एवढी पानं पोलिसांकडे बोट दाखवायचं आणि शेवटी सगळं घरच्यांच्या गळ्यात घालायचं? १९७१-७२ मध्ये वॉशिंग्टनमध्ये सहा कृष्णवर्णीय मुलींचे खून झाले, धाकटी दहा वर्षांची. खुन्याला ‘फ्रीवे फँटम’ असं झोकदार नाव मिळालं. तो आजवर सापडलेला नाही. तिथे घरातला खुनी म्हणजे लेखकाने काढलेली पळवाट.

निशाचर:
साफ असहमत. आजी गप्प का बसली, हे पुन्हा वाचा. पोलीस दारात आले तर मुलगी शोधतील की नातवालाच उचलतील, याचा तिला भरवसा नव्हता. घरातलं गुपित पोलिसांच्याच भीतीवर पोसलंय. सुटले कुठे ते?

सुलक्षणा_वाचते:
भीती मान्य. पण वाचकाच्या लक्षात आजीची भीती राहत नाही, खुनी राहतो.

घारूअण्णा:
रहस्यकथा आहे हो, चौकशी आयोगाचा अहवाल नाही. शेवटी कोणीतरी सापडायलाच हवं, नाहीतर आम्ही पैसे कशाला मोजायचे? 😀

मीरा, न्यू जर्सी:
इथे राहते म्हणून सांगते, ‘पळून गेली’ हा शिक्का नुसता शब्द नाही. अँबर अलर्टसाठी (पळवून नेलेल्या मुलांसाठी सगळ्यांच्या फोनवर वाजणारी तातडीची सूचना) अपहरणाचा संशय लागतो. पळून गेल्याची नोंद झाली की तो वाजतच नाही. म्हणून तर कॅलिफोर्नियाने २०२४ पासून १२ ते २५ वयाच्या कृष्णवर्णीयांसाठी वेगळा ‘एबनी अलर्ट’ सुरू केला. गोऱ्या मुलींच्याच बातम्या दिवसरात्र चालतात, या प्रकाराला पत्रकार ग्वेन आयफिल यांनी २००४ मध्येच नाव दिलं होतं. सुलक्षणाताई, मला शेवट नाही खटकला. खटकलं ते हे, की शोध घेणारी नायिका सोडली तर हरवलेल्या एकाही मुलीला स्वतःचं प्रकरण नाही. आजीला चार आहेत.

निशाचर:
हे मात्र खरं. तिसरी मुलगी बासरी वाजवायची, एवढंच आठवतंय. नाव आठवेना.

सुलक्षणा_वाचते:
बासरी दुसरीची. तिसरीचं मलाही पान उलटून बघावं लागलं.